मागच्या चाकाचा आवाज

वन्संची पिकअप दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायची. मागच्या डाव्या चाकातून एक लांब, रडका सूर निघायचा. वेग वाढला की सूर चढायचा, वळणावर जरा दबायचा, आणि गाडी आमच्या चाळीच्या तोंडाशी येऊन थांबली की शेवटचा एक हुंदका देऊन बंद व्हायचा. चिंचवड स्टेशनजवळच्या त्या चाळीत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. सूर ऐकला की मुलं 'आत्या आली' म्हणून बाहेर पळायची आणि मी चहाचं आधण वाढवायची. गाडी दारात येईपर्यंत चहा गाळून तयार असायचा, इतका तो आवाज भरवशाचा.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. चाकणच्या पलीकडे आडबाजूला त्यांचं गाव. त्यांच्या यजमानांनी देहूरोडला लष्कराच्या लिलावात ही जुनी पिकअप घेतली होती. गावातलं आणि वाटेवरच्या वाड्यांमधलं दूध गोळा करून पिंपरी कॅम्पातल्या एका शेठच्या डेअरीवर घालायचं, असा धंदा होता. तो जरा मार्गाला लागतो न लागतो तोच यजमान कडब्याच्या गंजीवरून खाली पडले आणि कमरेतून अधू झाले. आता गाडी विकणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. वन्संनी विकली नाही. त्यांनी लष्करातून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः पहाटे त्याच्या शेजारी बसायला लागल्या. ड्रायव्हरला सगळे हवालदार म्हणत. तो खरोखर हवालदार होता की नाही, हे कुणी विचारलं नाही.

ऐंशी साल उजाडायला अजून दोनेक वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट. महिनाभर गाडी त्रास देत होती. चाक तापायचं, आतलं तेल गळून ब्रेकवर यायचं, मग हवालदार सावकाश चालवायचा आणि दूध उशिरा पोचायचं. एकदा तर मोशीच्या पुढे गाडी बंद पडली आणि दूध नासलं. शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या दारात सकाळी गिऱ्हाइकांची रांग असायची. त्यानं वन्संना सांगितलं, "बाई, शुक्रवारी सकाळी टाइमवर आली तर ठीक. नाही तर आळंदी रोडचा टेम्पोवाला कधीपासून मागतो आहे, त्याला देऊन टाकीन."

वन्सं हे सांगायला आल्या तो मंगळवार होता. दारात बसून त्यांनी चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"हायवेवरच्या गॅरेजवाल्याला दावली," त्या म्हणाल्या. "त्यो म्हनतो, मागचा आख्खा एक्सल बदला. त्यानं सांगितलेल्या पैशात मला म्हस येईल."

आमचे हे इथल्याच एका गाड्यांच्या कारखान्यात असेंब्लीला होते. त्यांनी बाहेर जाऊन जॅक लावला, चाक उचललं, वर-खाली हलवून पाहिलं, गोल फिरवून कान लावला.

"एक्सलला काही झालेलं नाही, आक्का. बेअरिंग गेलीय. दोन्ही बाजूंची बदलू. तेलाचं सील नवीन घालू. बाकी सगळं तेच."

"तुला येतं व्हय?"

"आठ तास तेच करतो की मी. बेअरिंग दाबून बसवायची, हेच माझं काम. दुसरं काय करतो?"

वन्संनी तेव्हा चहा प्यायला.

मला याद्या करायची सवय आहे. तळेगावच्या माहेरी वडील शाळामास्तर. घरात किराणा आणायचा तरी आधी पाटीवर लिहावं लागे. त्या रात्री मी नेहमीप्रमाणे कागद घेतला. बेअरिंग आणायला नाना पेठेत कोण जाणार, रॉकेल किती लागेल, जॅक खाली सरकू नये म्हणून रेल्वेच्या लाकडी स्लीपरचे तुकडे कुणाकडे आहेत, वगैरे. आणि दिवस: गुरुवार. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असे. पुण्याला रविवार, आम्हाला गुरुवार. त्यामुळे इथले लोक पुण्यातल्या नातेवाइकांच्या लग्नामुंजीला नेहमी रजा काढून जात, पण घरचं काही दुरुस्त करायचं असेल तर गुरुवारसारखा दिवस नाही. चाळीत त्या दिवशी टर्नर, फिटर, वेल्डर, रंगारी, तपासनीस, सगळे घरी, सगळ्यांना वेळ, आणि प्रत्येकाला मत.

बुधवारी हे ड्युटीवरून परस्पर लोकलनं पुण्याला गेले. बेअरिंगची जोडी मिळाली. परदेशी मापाची गाडी, त्यामुळे दुकानदाराकडे ती शेवटचीच जोडी होती. पुन्हा केव्हा येईल याचा त्याला भरवसा नव्हता. गाडीच्या जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलेला आकडा आणि नव्या बेअरिंगवरचा आकडा ह्यांनी मला दिव्याखाली तीनतीनदा वाचायला लावला.

बेअरिंग एक्सलच्या दांड्यावरून घसरू नये म्हणून तिच्या मागे एक लोखंडी कडी तापवून बसवतात. थंड झाली की ती दांड्याला अशी आवळून बसते की पुन्हा काढायची तर फोडूनच काढावी लागते. त्या दोन कड्या शेजारच्या टर्नरनी ओळखीच्या वर्कशॉपमधल्या लेथवर करून आणल्या. दोन सांगितल्या होत्या. त्यांनी तीन आणल्या.

"तिसरी कशाला?" मी विचारलं.

"वहिनी, पहिला पीस तपासणीवाला नेतो. आमच्या हाताला सवयच आहे, एक जास्तीचा काढायची."

गुरुवारी सकाळी पिकअप चाळीसमोर लिंबाखाली उभी राहिली. हवालदारानं पुढच्या चाकांना दगड लावले, मागे लाकडाचे ठोकळे रचले आणि स्वतः एका ठोकळ्यावर बसून विडी पेटवली. वन्सं माझ्याबरोबर ओट्यावर होत्या. चाकं निघाली, ब्रेकचे ड्रम निघाले, चार-चार नट निघाले. मग ह्यांनी दांडा धरून झटका दिला आणि डाव्या बाजूचा एक्सल तलवारीसारखा बाहेर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

निघालेला एकेक भाग माझ्याकडे यायचा. मी मोडीत निघालेल्या परातीत रॉकेल घेऊन बसले होते. धुवायचं, पुसायचं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर मांडायचं. वर्षानुवर्षांचं काळं तेल आणि माती. वन्संनी पदर खोचला आणि त्याही धुवायला बसल्या.

"वैनी, भांडी घाशीन म्हन्ली व्हतीस ना तू लग्नात?"

"भांडी म्हटलं होतं, वन्सं. गाडी नव्हे."

जुन्या कड्या फोडून, जुन्या बेअरिंग उतरवून हे आणि टर्नर दोन्ही दांडे खांद्यावर घेऊन मागच्या रस्त्यावरच्या वेल्डरकडे गेले. त्याची शेड त्या दिवशी बंद होती, पण तो मागेच राहायचा, आणि त्याच्याकडे हातानं दाबायचा प्रेस होता. तासाभरानं ते परत आले ते वरातीसारखे. पुढे डावा दांडा घेतलेले हे, मागे उजवा घेतलेले टर्नर, त्यांच्यामागे वेल्डर. डाव्या दांड्यावर नवीन बेअरिंग चकाकत होती, तिच्या मागे कडी निळसर होऊन घट्ट बसली होती. उजवीकडची जेवून मग बसवू म्हणाले. आधी एक बाजू गाडीत चढवून बघू.

ह्यांनी दांडा आत सरकवला. बेअरिंग आपल्या जागी गच्च बसली. ह्यांनी मागे न बघता हात पुढे केला, नट मागायला. मी चार नट दिले. आणि माझ्या लक्षात आलं की लुगड्याच्या तुकड्यावर डाव्या बाजूच्या रांगेत अजून एक वस्तू शिल्लक आहे. तळहाताएवढी, जाड प्लेट, मधे मोठं भोक, कोपऱ्यांना चार लहान भोकं.

"ही कुठे जाते?" मी विचारलं.

ह्यांनी वळून पाहिलं. प्लेटकडे, मग दांड्याकडे, मग परत प्लेटकडे. हात नटांसकट तसाच राहिला.

ही प्लेट बेअरिंगला बाहेरून दाबून धरते. तिच्यामुळे बेअरिंग जागेवर राहते, आणि बेअरिंगमुळे दांडा, आणि दांड्यावर चाक. ती दांड्यावर आधी घालायची असते, बेअरिंग नंतर. आता पुढून बेअरिंग आडवी आणि मागून चाकाची जाड तबकडी. प्लेट आत जायला वाट नव्हती.

मग टर्नर हळूच म्हणाले, "राव, तुमच्या आधीच्या जागेवरचा माणूस आज सुट्टीवर दिसतोय."

ते चेष्टेनं म्हणाले, पण होतं तसंच. लाइनवर ह्यांच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक दांड्यावर ती प्लेट आधीच घातलेली असे. ते काम त्यांच्या अलीकडच्या माणसाचं. हे बेअरिंग दाबायचे, कडी बसवायचे, दांडा पुढे जायचा. इतकी वर्षं ह्यांचे हात तेवढंच करत आले होते आणि ते इतकं चोख करत होते की त्याच्या आधी काही असतं हे हातांना ठाऊकच नव्हतं. चाळीत त्या दिवशी जमलेल्यांपैकी प्रत्येकाला गाडीचा एकेक तुकडा बिनचूक येत होता. सगळ्यांनी मिळून पाहिलं आणि कुणालाही प्लेट दिसली नाही.

हे ठोकळ्यावर बसले.

वेल्डरनं प्लेट हातात घेऊन उलटसुलट केली. "सोपं आहे हो. मधून दोन तुकडे करायचे. दोन्ही बाजूंनी घालायचे, चार नट आवळायचे. वाटलं तर वरून टाके मारतो. दुपारपर्यंत गाडी मोकळी."

"चालेल का?" हवालदारानं विचारलं.

"धावेल. किती दिवस, ते नाही सांगता येत."

"नाही तर?"

"नाही तर कडी फोडायची आणि बेअरिंग उलटी काढायची. पण ती नवीन कोरी, गच्च बसलेली. बाहेरच्या कडेला धरून ओढली तर आतल्या गोळ्यांवर जोर येतो. खराब झाली तर गेली. दुसरी आहे का?"

दुसरी नव्हती. नाना पेठेतही नव्हती. प्लेट कापली तर उद्या पहाटे गाडी नक्की निघणार होती. बेअरिंग काढायला जाऊन बिघडली असती तर गाडी लिंबाखालीच राहिली असती आणि दुधाची फेरी टेम्पोवाल्याकडे गेली असती. हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळत होतं. वन्संना सगळ्यात जास्त.

त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुज्या कंपनीत आसं दोन तुकडं करून घालत्यात का?"

"नाही, आक्का."

"का न्हाई?"

"तुटली तर दांडा चाकासकट बाहेर येतो. चालत्या गाडीतून."

हवालदारानं विडी विझवली. "मी चालवीन सावकाश. लढाईत याहून वाईट गाड्या चालवल्या."

"तू चालवशील रं," वन्सं म्हणाल्या, "पन शेजारी मी बसते."

मग त्या भावाकडे बघून म्हणाल्या, "तुला काय वाटतं त्ये कर. शेठचं मी बघीन. उद्याच्याला न्हाई जमलं तर न्हाई जमलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, उपकार केल्याचाही सूर नव्हता. मला मात्र त्यांच्या घरातली चूल डोळ्यासमोर आली, आणि खाटेवर पडून दाराकडे डोळे लावलेले त्यांचे यजमान. उद्याच्याला न्हाई जमलं तर काय, हे त्यांनी म्हटलं नाही. मी आत गेले आणि सगळ्यांसाठी पोहे टाकले. काही सुचत नसलं की माणसांना खायला द्यावं, हे माझ्या प्रत्येक यादीत न लिहिता असतं.

पोहे खाऊन होईपर्यंत ह्यांचा निर्णय झाला होता. "काढू," एवढंच म्हणाले.

"बाहेरची कड धरायची नाही," टर्नर बोटानं हवेत चित्र काढत म्हणाले. "बेअरिंगची आतली रिंग तबकडीच्या बाजूनं जरा उघडी आहे. तिच्यामागे दोन अर्ध्या चकत्या बसवू. जाड पत्र्याला बरोबर मापाचं भोक पाडायचं, मग करवतीनं दोन अर्धे करायचे. जोर फक्त आतल्या रिंगवर."

"म्हणजे कापायचंच आहे," वेल्डर म्हणाला, "फक्त प्लेट नाही, दुसरं काही तरी."

"तेच तर."

त्या चकत्या करण्यात दुपार गेली. वेल्डरच्या शेडमध्ये जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा मिळाला, पण तो इतका कडक की भोकच पडेना. मग दुसरा नरम तुकडा शोधला. टर्नर कानशीनं घासत बसले. दोन घासे मारायचे, दांड्यावर लावून बघायचे, पुन्हा घासायचे. हे कडीला ड्रिल मारत होते, दांड्याला ओरखडा न येईल अशा बेतानं, आणि मग छिन्नीचा एक घाव. कडी फुटली तो आवाज स्वच्छ आला. बेअरिंगचा मात्र प्रेसमध्ये दांडा उलटा टांगून दाब द्यायला लागल्यावर आवाजच येईना. प्रेसची दांडी ओढता ओढता वेल्डरच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. वन्सं आणि मी शेडच्या दाराशी उभ्या होतो. आणि एकदम ठक्क झालं, बंदुकीसारखं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ह्यांनी बेअरिंग खाली ठेवलेल्या पोत्यावरून उचलली होती. तेलाचा थेंब टाकून त्यांनी ती बोटावर धरली आणि फिरवली. कानाशी नेली. पुन्हा फिरवली. मग टर्नरच्या कानाशी धरली, मग वेल्डरच्या, मग वन्संच्या.

"मला काय बी ऐकू येत न्हाई," वन्सं म्हणाल्या.

"तेच ऐकायचं होतं," हे म्हणाले.

यावेळी दोन्ही प्लेटा मीच हातात घेऊन उभी राहिले. दांडा प्रेसवर चढायच्या आधी मी प्लेट पुढे करायची आणि हे ती निमूट घालायचे. टर्नर म्हणाले, "आधीच्या जागेवर बदली मिळाली एकदाची." तपासणीवाल्याकडे न गेलेली तिसरी कडी कामाला आली. उन्हं उतरायच्या आत पिकअप चारही चाकांवर उभी होती.

ह्यांनी कुणाशी तरी बोलून शुक्रवारची पाळी बदलून घेतली. पहिल्या फेरीला बरोबर जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. "चल वैनी, तू बी," वन्सं म्हणाल्या. मुलं घरी सासूबाईंकडे सोपवून मीही निघाले. संध्याकाळी त्यांच्या गावी गेलो. यजमानांनी खाटेवरून हात हलवला आणि विचारलं, "गाडी कुठं ठिवली?" दाराबाहेरच उभी होती. त्यांना ती आलेली कळलीच नव्हती. तेव्हा आम्ही सगळे हसलो. त्याचा अर्थ कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

पहाटे निघालो. पुढे हवालदार आणि वन्सं, मागे रिकाम्या कॅनांच्या मधे आम्ही दोघं. पहिला थांबा गावाबाहेरच्या वडापाशी. रोज तिथे कॅन, चरव्या, कळशा घेऊन माणसं रस्त्याला उभी असायची. आज कुणी नव्हतं. हवालदारानं गाडी थांबवली. आम्ही थांबून राहिलो.

"समदी झोपली का काय?" वन्सं खाली उतरल्या.

अजून कुणी नाही. लांब एक कंदील हलत होता गोठ्यात. पूर्वेला फटफटायला लागलं होतं. हे एव्हाना खाली उतरून मागच्या चाकाच्या मधोमध तळहात ठेवून बघत होते, मुलाच्या कपाळाला हात लावतात तसा.

"टेम्पोवाल्यानं आधीच येऊन नेलं नाही ना?" मी हळू विचारलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तेच वाटलं असणार.

त्या तरातरा गोठ्याकडे गेल्या. थोड्या वेळानं त्यांचा आणि एका बाईचा आवाज ऐकू आला.

"आगं, दूध काढून बसलेय की कवाची. तुजी गाडी आली कुठं?"

"ही काय उभी हाय रस्त्याला."

"आवाज न्हाई आला तो."

मग वन्संचं हसणं, आणि पाठोपाठ धावत येणाऱ्या चपला.

"भाऊ, आरं समदी आवाजाची वाट बघत बसल्यात घरात. चाक वरडलं की भाईर यायची सवय हाय त्यास्नी. हवालदार, हार्न वाजव."

"हार्न कुठे आहे, बाई? मी आलो तेव्हापासून नाही. लागलाच कधी नाही."

खरंच होतं. त्या गाडीला हॉर्नची गरजच पडली नव्हती. आणि पुढे आणखी वाड्या होत्या, प्रत्येक ठिकाणी लोक असेच दूध काढून, कान देऊन, घरात बसलेले. प्रत्येकाला उठवत गेलो असतो तर शेठचं दार आम्हाला उन्हातच दिसलं असतं.

वन्सं मागे चढल्या. एका कॅनचं झाकण उचललं, चाकाचा पाना माझ्या पायाशी पडला होता तो घेतला, आणि बडवायला सुरुवात केली. काय आवाज तो. वडावरचे पक्षी उडाले, कुत्री उठली, आणि वस्तीच्या दारादारांतून माणसं बाहेर आली. कुणाला वाटलं आग लागली. एक म्हातारा काठी घेऊनच आला.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. दूध आणा. गाडी बरी झाली."

पुढच्या वाडीला त्यांनी लांबूनच सुरुवात केली. त्यांचा हात दुखला की मी वाजवायची, माझा दुखला की त्या. हे आमच्यामधे कॅन धरून उभे, आणि प्रत्येक थांब्याला उतरून चाकाला हात लावून परत. हवालदार पुढून ओरडला, "बाईसाहेब, पलटणीत असतो तर बँडात घेतलं असतं तुम्हाला." पण गाडी आता खरोखर पळत होती. मोशीच्या पुलावर त्यानं ती जशी सोडली तशी ती महिनाभरात सुटली नव्हती. सुरुवातीला गेलेला वेळ त्यानं भोसरीपर्यंत बराचसा भरून काढला.

पिंपरी कॅम्पात डेअरीसमोर टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्यानं मागचा फाळका खाली सोडला होता आणि पहिला कॅन कडेला ओढून ठेवला होता. शेठ दारात, हातात माप. आमची गाडी त्याच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली तेव्हा त्यानं दचकून वर पाहिलं.

"आवाज आला नाही," तो म्हणाला. "रोज तुमचा आवाज ऐकून मी शटर वर करतो. आज आला नाही, म्हणून मी समजलो, बाई गेली. याला म्हटलं, उतरव." मग गाडीकडे बघून, "गाडी बदलली?"

"गाडी तीच हाय, शेठ," वन्सं म्हणाल्या. "भावानं आवाज काढून घेतला."

शेठनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. मग त्यानं टेम्पोवाल्याकडे वळून हातानंच खूण केली, राहू दे म्हणून. टेम्पोवाला तरुण होता. त्यानं कॅन परत आत ढकलला आणि फाळका लावला. जाताना आमच्या मागच्या चाकापाशी वाकून ह्यांना विचारलं, "भाऊ, कुठल्या गॅरेजला केलं? माझंही वरडायला लागलंय." ह्यांनी त्याला चाळीचा पत्ता दिला. वन्संनी कपाळाला हात लावला.

परतीच्या वाटेवर रिकामे कॅन इतके खडखडत होते की बेअरिंग ओरडली असती तरी कळलं नसतं. तरी हे कान देऊन बसले होते. नाशिक फाट्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा उतरून चाकाला हात लावला. वन्संनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आता बास की रं. तिला ताप न्हाई."

तरी ह्यांनी हात थोडा वेळ तसाच ठेवला. मग वर चढले आणि माझ्याशेजारी कॅनला टेकून, दोन दिवसांत पहिल्यांदा, झोपून गेले.

घरी पोचल्यावर मी कागद घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिलं: हॉर्न. पुढच्या गुरुवारी तो बसवलाही, चांगला मोठ्या आवाजाचा. हवालदार खूश झाला. पण वाड्यांवरच्या बाया म्हणाल्या, हार्न काय, रस्त्यानं जाणारा कुणी बी वाजवतो. त्या बाहेर यायच्या त्या झाकणाच्या आवाजालाच. गाडी होती तोवर वन्सं वडापाशी आल्या की पाना उचलायच्या, आणि दर गुरुवारी आमच्या चाळीपाशी आल्या की सुद्धा. मी तो आवाज ऐकून आधण वाढवायची.